उभ्या गाडीचा जुना टायर रिम सोडत नाही तेव्हा

ही माहिती प्रामुख्याने स्पोकच्या चाकाच्या, ट्यूबवाल्या मोटरसायकलसाठी आहे. 18 इंची चाक, 2.75-18 किंवा 80/100-18 मापाचा टायर, म्हणजे रोजच्या वापराच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या. स्कूटर, ट्यूबलेस आणि मोठ्या गाड्यांबद्दल जे सांगायलाच हवं ते त्या त्या ठिकाणी येईल.

कोकणात हे दुखणं मे महिन्यात आणि गणपतीत हमखास उपटतं. चाकरमान्यांची गाडी गावच्या घरी पडवीत उभी असते. वर्ष-दीड वर्ष तिला कुणी हात लावलेला नसतो. सुट्टीत आल्यावर हवा भरतात, तासाभरात चाक पुन्हा बसतं, ट्यूब बदलायची म्हणून चाक खोलतात आणि टायर काही केल्या रिम सोडत नाही. वाडीतली अशी चाकं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या रिमवर स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे आधीच पडलेले असतात. त्यातली बरीचशी चाकं साबणाच्या पाण्यावर आणि दोन गुडघ्यांच्या वजनावर सुटतात.

लक्षणं

- हवा पूर्ण गेली तरी टायरची कड रिमला घट्ट धरून बसलेली. टाचेने दाबूनही आत सरकत नाही.
- वीतभर भाग सुटतो आणि पुढे अडतो, किंवा एक बाजू सुटते आणि दुसरी जागची हलत नाही.
- कड दाबली की फटीतून तपकिरी पूड किंवा गंजाचं पाणी येतं.
- कड सुटलेली आहे, पण लिव्हर (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) लावली की टायर वर येत नाही. लिव्हर वाकते किंवा हातातून सटकते.
- अर्धा टायर बाहेर आला आणि उरलेला अर्धा एकदम ताठ झाला.

पहिली तीन लक्षणं कड चिकटल्याची आहेत. शेवटची दोन वेगळीच: तिथे कड मोकळी आहे, पण तिला बाहेर यायला जागा मिळालेली नाही. हे दोन आजार वेगळे आणि औषधंही वेगळी. चिकटलेल्या कडेवर लिव्हर चालवली तर रिम वाकतं. जागा नसताना जोर लावला तर टायरची कड फाटते.

टायरच्या दोन्ही कडांच्या आत पोलादी तारांचं कडं असतं. पंक्चरवाले या कडेला बीड म्हणतात. हे कडं ताणत नाही, कितीही जोर लावा. रिमचा बाहेरचा काठ मात्र त्या कड्यापेक्षा मोठा असतो. मग टायर मुळात चढतो कसा? रिमच्या मधोमध, जिथे स्पोकची निपलं (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) येतात तिथे, एक खोलगट पन्हळ असते. कडेचा एक भाग त्या पन्हळीत उतरवला की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि तिथून कड काठावरून पलीकडे जाते. घट्ट बांगडी काढताना बांगडी मोठी होत नाही, हात आवळून लहान करावा लागतो, तसंच हे. खालची प्रत्येक तपासणी या एका गोष्टीकडे नेणारी आहे.

1. हवा खरंच गेली आहे का

फुकटची तपासणी, म्हणून आधी ही. टायर चपटा दिसला म्हणजे ट्यूब रिकामी झाली असं समजू नका. पिन दाबून फुस्स आवाज थांबला तरी आत थोडी हवा राहते, आणि ती कडेला आतून रिमवर रेटत असते. वॉल्वमधली पिन पूर्ण फिरवून बाहेर काढा. काही धातूच्या वॉल्व-टोप्यांच्या टोकाला दोन दात असतात, ते पिन काढण्यासाठीच असतात. ती टोपी नसेल तर पिन काढायची छोटी किल्ली कुठल्याही सायकलच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. पिन निघताना उरलेल्या हवेने उडते, तेव्हा तोंड बाजूला ठेवा आणि वॉल्ववर फडकं धरा.

त्यानंतर वॉल्वच्या बुडाशी रिमवर आवळलेला नट काढा. हा नट राहिला तर ट्यूब त्या जागी अडकून राहते आणि नेमक्या त्याच भागातली कड पन्हळीत उतरत नाही. "इथेच का अडतंय कळत नाही" असं ज्यांनी मला सांगितलं, त्यांच्या चाकावर बऱ्याच वेळा हा नट तसाच होता.

2. चाक नक्की कोणत्या जातीचं आहे

टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भागावर, ट्यूब टाइप की ट्यूबलेस ते लिहिलेलं असतं. मिश्रधातूचं (अलॉय) चाक आणि ट्यूबलेस टायर असेल तर घरी लिव्हर लावू नका. त्या रिमवर कड बसते त्या जागेच्या आतल्या बाजूला उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी कड आत घसरू नये म्हणून. तो उंचवटा ओलांडायला यंत्रच बरं. शिवाय हवा अडवण्याचं काम रिमचा काठ आणि टायरची कडच करतात. तिथे लिव्हरचा एक ओरखडा पडला की ती गळती पुढे कायम छळते.

जुन्या चेतकसारख्या स्कूटरचं 3.50-10 टायरचं चाक दोन भागांचं असतं, नटांनी जोडलेलं. त्याला लिव्हर लागतच नाही, नट काढले की दोन्ही भाग वेगळे होतात. पण आधी हवा. ट्यूबमध्ये हवा असताना ते जोडाचे नट सोडले तर रिमचा अर्धा भाग उसळून अंगावर येतो. पिन काढून हातात घेतल्याशिवाय त्या नटांना पाना लावायचा नाही, हे मी मदतीला येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी सांगतो.

टायरच्या गालावर चार आकडी शिक्काही शोधा. 2214 असेल तर टायर 2014 सालच्या बाविसाव्या आठवड्यातला. एवढा जुना टायर पुन्हा चढवायचाच नसतो, आणि हे आत्ताच ठरलं तर शेवटचा उपाय, म्हणजे टायर कापून काढणं, तुमच्या हाती राहतो. टायर वाचवायचा असेल तर तो मार्ग बंद.

3. ऊन आणि साबणाचं पाणी

जुनं रबर गारठ्यात लाकडासारखं वागतं, उन्हात मऊ पडतं. चाक जांभ्याच्या अंगणात दुपारच्या उन्हात तासभर आडवं ठेवा, मधे एकदा उलटा. पावसाळ्यात ऊन नसेल तर कडेवर गरम पाणी ओतलं तरी फरक पडतो. स्टोव्ह, ब्लो-टॉर्च, शेकोटी यांच्या जवळही नेऊ नका. टायर चढलेलं रिम तापवल्यावर आतलं रबर जळून वायू तयार होतो आणि टायर फुटतो. यात माणसं दगावली आहेत.

मग भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी कडेच्या फटीत, दोन्ही बाजूंनी, पूर्ण गोल सोडा. घाई न करता. गंज असेल तर दहा मिनिटांनी परत सोडा, आणि चाक तसंच रात्रभर पडू दिलं तर आणखी चांगलं. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, ग्रीस यांतलं काहीही टायर पुन्हा वापरायचा असेल तर लावू नका. त्याने रबर फुगतं, आणि नंतर तेलकट कड रिमवर घसरत राहते. ब्रेक लावला की टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा वॉल्व बुडातून उपटून निघतो.

4. टाच

चाक जमिनीवर आडवं ठेवा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क वरच्या बाजूला, किंवा खाली जुना टायर नाहीतर दोन लाकडी फळ्या, म्हणजे डिस्कवर वजन येणार नाही. वाकलेली डिस्क सरळ होत नाही, नवीन घ्यावी लागते.

जाड सोलचे बूट घालून टाच रिमच्या काठाला अगदी लागून टेकवा आणि अंगाचं वजन हळूहळू त्यावर आणा. चार बोटं पुढे सरका, पुन्हा. असं गोल फिरत राहा. एकाच जागी उड्या मारून काही होत नाही, कारण चिकटलेली कड एका जागी अर्धा दोरा हलते आणि शेजारचा भाग तिला परत वर ओढतो. दोन फेऱ्या झाल्या की फटीत पुन्हा साबण. बहुतेक चाकं तिसऱ्या-चौथ्या फेरीत सोडतात. आवाज ओळखू येतो: कोरडा "पट्", मग हातभर भाग एकदम खाली बसतो आणि रिमवर गंजाची तपकिरी रेघ उघडी पडते. एकदा एवढं झालं की बाकीची बाजू अंगठ्यानेही जाते. चाक उलटा आणि दुसरी कडही अशीच सोडवा. दुसरी कड आधीच सोडवणं महत्त्वाचं आहे. ती चिकटलेली राहिली तर पहिली बाजू काढताना ट्यूब दोन्हींच्या मधे चेपते.

5. टाचेने नाही सुटत

आता वजन वाढवायचं. दुसऱ्या मोटरसायकलचा साइड स्टँड हे घरी असणारं सगळ्यात चांगलं हत्यार आहे. चाक आडवं ठेवा, साइड स्टँडचं पाऊल टायरवर काठाला लागून टेकवा, मधे लाकडाचा तुकडा घ्या आणि गाडी हळूच स्टँडच्या बाजूला कलवा. शंभर किलोच्या वर वजनाच्या गाडीचा काही भार एका बिंदूवर येतो. याला दोन माणसं लागतातच. एकाने गाडी दोन्ही हँडलला धरायची, दुसऱ्याने चाक सरकवायचं, आणि चाक सरकवताना गाडी सरळ उभी असली पाहिजे. एकट्याने हे करायला जाऊ नका, गाडी पायावर पडते.

गॅरेजमधला मोठा व्हाइस असेल तर टायर त्याच्या जबड्यात दोन्ही गालांवरून आवळला तरी कड सुटते. जीप किंवा ट्रॅक्टर असेल तर त्याच्या चॅसीखाली चाक ठेवून वरून जॅक लावता येतो. जॅकचं बूड टायरवर, रिमवर नाही. आणि जॅक लावलेला असताना गाडीखाली डोकं घालायचं नाही.

हातोडा? रबरी हातोड्याने टायरच्या गालावर ठोकून गंज सैल होतो, तेवढ्यापुरता ठीक. लोखंडी घण रिमच्या काठावर एकदा जरी बसला तरी काठ आत वळतो आणि चाक डगमगायला लागतं.

इथे एक फरक सांगतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत गंज कमी, पण उन्हाने टायरचे गाल वाळून तडकलेले असतात. तिथे साइड स्टँडने गाल मधूनच फुटू शकतो. कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत रबर बरं असतं, रिम मात्र आतून खाल्लेलं निघतं. आपला त्रास कोणता ते पाहून जोर ठरवा.

6. लिव्हर, आणि खरी मेख

दोन्ही कडा पूर्ण सुटल्यावरच लिव्हर हातात घ्यायची. टायरसाठी बनवलेल्या, गोलसर टोकाच्या, दहा-बारा इंच लांबीच्या लिव्हर हव्यात. दोनात भागतं, तीन असल्या तर उत्तम. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्यूब कापतं आणि रिमच्या मुलाम्यावर चर पाडतं, आणि गंज पुढे तिथूनच सुरू होतो. रिमच्या काठावर जुन्या ऑइलच्या डब्याचा प्लास्टिकचा तुकडा दुमडून ठेवा, त्यावरून लिव्हर फिरवा.

सुरुवात वॉल्वजवळ करायची. वॉल्वपाशी ट्यूबचं जाड बूड पन्हळीत बसलेलं असतं, त्यामुळे कड त्या जागी पन्हळीत नीट उतरत नाही. म्हणून वॉल्वच्या समोरची बाजू पन्हळीत दाबून धरायची आणि वॉल्वकडून उचलायची. टायर परत चढवताना उलटं: शेवट वॉल्वपाशी.

पहिली लिव्हर कडेखाली फक्त तेवढीच घाला, जेवढ्यात ती कडेला पकडेल. खोल घातली तर ट्यूब पकडली जाते. ती उचलून स्पोकखाली किंवा गुडघ्याखाली दाबून ठेवा. ब्रेक डिस्कखाली कधीच अडकवू नका. दुसरी लिव्हर चार बोटांवर. लांब घास घेतला की कड ताठ होते, आखूड घेतला की हळू पण नक्की निघते. हातातून सुटलेली लिव्हर थेट तोंडावर येते, तेव्हा चेहरा तिच्या रेषेत ठेवू नका.

तिसऱ्या-चौथ्या घासाला लिव्हर जड जायला लागते, आणि नेमकं इथेच माणसं चुकीच्या बाजूला जोर लावतात. गेल्या गणपतीत शेजारचे तात्या असेच दोन्ही हातांनी लिव्हरला लोंबकळत होते. मी म्हटलं, "तात्या, लिव्हर सोडा. समोरच्या बाजूला बघा." समोरची कड पन्हळीतून निसटून पुन्हा काठाजवळ चढून बसली होती. "तुम्ही फक्त त्या बाजूवर दोन्ही गुडघे टेका, बाकी काही करू नका." तात्यांनी गुडघे टेकले, साबणाचं पाणी बाजूने बाहेर आलं, कड खाली उतरली आणि इकडे लिव्हर एका हाताने पलटली. "अरे, मघाशी एवढा जोर कशाला लावत होतो मी!" म्हणाले.

तेव्हा नियम एकच ठेवा: लिव्हरला एका माणसाच्या दोन हातांपेक्षा जास्त ताकद लागत असेल तर जोर वाढवू नका. थांबा, समोर जा, कड परत पन्हळीत दाबा, तिथे साबण सोडा. लिव्हरवर पाइप चढवून लांबी वाढवणं हा मोह टाळा. त्याने कडेतलं तारेचं कडं मोडतं किंवा रिमचा काठ वाकतो, आणि तुटलेल्या कड्याचा टायर पुन्हा हवा भरताना रिमवरून उडू शकतो.

अर्धी फेरी झाली की उरलेला भाग हाताने निघतो. वॉल्व आत ढकला, ट्यूब ओढून घ्या. उन्हाने ट्यूब टायरच्या आत चिकटली असेल तर बोटांनी सोडवत जा, तशी ट्यूब परत वापरू नका. दुसरी कड काढायला चाक उभं धरा, खालची बाजू पन्हळीत दाबा, वरून लिव्हर घालून रिम टायरमधून बाहेर ढकला. ही बाजू पहिलीपेक्षा सोपी जाते.

7. टायर भंगारातच जायचा असेल तर

वरचं सगळं करून अडलं आणि टायर टाकायचाच आहे, तर कापा. धारदार सुरी साबणाच्या पाण्यात बुडवत गालाचा भाग आधी पूर्ण गोल कापून नक्षीचा पट्टा वेगळा करा. मागे दोन तारेची कडी राहतात. ती हॅक्सॉ ब्लेडने एका जागी कापा, रिमला ब्लेड लागणार नाही अशा बेताने, खाली लाकडाचा तुकडा सरकवून. तार तुटताना फटका मारते, म्हणून जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. ग्राइंडर घरी नको: रबर पेटतं, आणि रिमवर पाती गेली की ते रिम संपलं.

कुठे थांबायचं

ट्रॅक्टर, ट्रक, टेम्पो यांच्या चाकांना हात लावू नका. ज्या रिमवर बाजूला वेगळी लोखंडी रिंग बसवलेली दिसते, ती हवा भरलेली असताना सुटली तर माणूस मारते. ते काम हवा भरताना चाक ठेवायचा लोखंडी पिंजरा आणि कॉम्प्रेसर असलेल्या टायरवाल्याचंच.

मोटरसायकलच्या बाबतीत: साइड स्टँडखाली दोन फेऱ्या होऊनही कड तसूभर हलली नाही, रिमच्या काठाला तडा दिसला, दाबताना गंजाचे पापुद्रे सुटून रिम पातळ झालेलं दिसलं, स्पोक तुटले किंवा सैल झाले, किंवा चाक मिश्रधातूचं आहे, तर तिथेच थांबून चाक टायरच्या दुकानात न्या. तिथलं यंत्र कड काही मिनिटांत सोडवतं आणि मजुरी नवीन रिमपुढे काहीच नसते. नेताना एवढंच सांगा की काय काय करून झालं आहे आणि कडेवर तेल लावलेलं आहे की नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

टायर निघाला की काम अर्धं झालं. पावसाचं पाणी निपलांच्या आणि वॉल्वच्या भोकांतून रिममध्ये उतरतं आणि तिथेच साचून राहतं. कड बसते त्या जागेवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि सँडपेपरने घासून काढा, पुसून गंजरोधक प्रायमर आणि वर रंगाचा पातळ हात द्या. दिवसभर वाळू द्या, ओल्या रंगावर टायर चढवला तर तो त्यालाच चिकटतो. निपलांवरची रबरी पट्टी वाळलेली असेल तर नवीन घाला, नाहीतर निपलांची टोकं ट्यूबला भोकं पाडतात. टायरची आतली बाजू टॅल्कम पावडरने कोरडी करून मगच ट्यूब घाला.

कड पुन्हा बसवताना साबणाचं पाणी लावा आणि हवा भरताना 40 पीएसआयच्या वर जाऊ नका. गालावर काठाला समांतर एक बारीक उठावाची रेघ असते, ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर दिसली की कड नीट बसली. मग हवा गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा.

मुंबईला परत जाण्याआधी गाडी मेन स्टँडवर लावा, पुढचं चाकही उचललं जाईल अशी इंजिनखाली फळी द्या, दोन्ही चाकांत पूर्ण हवा ठेवा. घरी जे कुणी राहतं त्यांना सांगून ठेवा की पावसाळ्यात महिन्यातून एकदा चाक हाताने फिरवा आणि हवा बघा. काढलेला जुना टायर परसात टाकू नका, त्यात पावसाचं पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. भंगारवाल्याला द्या, आणि तो येईपर्यंत छपराखाली ठेवा.